ब्रायन मे

सर ब्रायन हॅरॉल्ड मे (जन्म : १९ जुलै १९४७) हे इंग्लिश गिटारवादक, गीतकार, गायक आणि खगोलभौतिकीचे अभ्यासक आहेत. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक संगीतसमूहाचे ते संस्थापक सदस्य असून 'वी विल रॉक यू', 'टाय युवर मदर डाउन', 'हॅमर टू फॉल', 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर' ही समूहाची प्रसिद्ध गीते त्यांनी लिहिली आहेत. विद्यार्थिदशेत वडिलांच्या मदतीने घरी तयार केलेली 'रेड स्पेशल' ही गिटार ते साठ वर्षे वाजवत आले आहेत. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये १९७० साली सुरू केलेले पीएच.डी.चे संशोधन त्यांनी १९७४ मध्ये संगीतासाठी अर्धवट सोडले आणि ३३ वर्षांनी, २००७ मध्ये, तोच प्रबंध पूर्ण करून पदवी मिळवली.

== बालपण ==
मे यांचा जन्म इंग्लंडमधील मिडलसेक्स परगण्यात हॅम्प्टन हिल येथे झाला. हॅरॉल्ड आणि रूथ मे यांचे ते एकुलते एक अपत्य. वडील हवाई वाहतूक मंत्रालयात आराखडेकार होते. युद्धोत्तर काळातील या मध्यमवर्गीय घरात पैसा बेताचाच होता, पण वडिलांच्या हातात कसब होते. अनेक वस्तू विकत न आणता घरीच बनवण्याकडे त्यांचा कल असे. लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम या उपनगरात ब्रायन वाढले.

वडिलांनी त्यांना प्रथम युकुलेले-बॅंजो हे लहान तंतुवाद्य शिकवले. सातव्या वाढदिवसाला त्यांना गिटार मिळाली. याच सुमारास त्यांना आकाशाचेही वेड लागले. बीबीसीवर १९५७ साली सुरू झालेला पॅट्रिक मूर यांचा 'द स्काय ॲट नाइट' हा कार्यक्रम पाहण्यासाठी ते उशिरापर्यंत जागण्याची परवानगी मागत. वडिलांच्या मदतीने त्यांनी चार इंची परावर्ती दुर्बीणही जोडली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याच मूर यांच्यासोबत त्यांनी विश्वाच्या इतिहासावर पुस्तक लिहिले. हॅम्प्टन ग्रामर स्कूलमध्ये शिकताना भौतिकशास्त्र आणि गणित हे त्यांचे मुख्य विषय होते.

== रेड स्पेशल ==
१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील शाळकरी मुलांना अमेरिकी बनावटीच्या इलेक्ट्रिक गिटारी दुकानाच्या काचेतूनच पाहाव्या लागत. मे कुटुंबालाही तशी गिटार परवडणारी नव्हती. तेव्हा १९६३ च्या ऑगस्टमध्ये बापलेकांनी ती घरीच बनवायला घेतली. हे काम सुमारे दोन वर्षे चालले आणि त्यासाठी एकूण आठ पौंडांच्या आसपास खर्च आला.

गिटारची मान एका जुन्या घरातील शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरून काढली. लाकूड शंभर वर्षांहून जुने होते आणि त्याला वाळवीसारख्या किड्यांनी पाडलेली भोके होती. ती आगपेटीच्या काड्यांनी बुजवण्यात आली. वाद्याच्या धडासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड आणि साधा ब्लॉकबोर्ड वापरून वरून महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवला. मानेवरील खुणेचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बटणांचे आहेत. सूर हलवण्यासाठीचा दांडा सायकलच्या पिशवीच्या धारकापासून केला आणि त्याच्या टोकाला लोकर विणायच्या सुईचे टोक बसवले.

या सगळ्या भंगारातील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग म्हणजे तारांचा ताण सांभाळणारी यंत्रणा. इलेक्ट्रिक गिटारवर दांडा दाबला की तारा सैल होतात आणि स्वर उतरतो. दांडा सोडल्यावर मात्र तारा नेमक्या मूळ जागी परतल्या नाहीत तर वाद्य बेसूर होते. त्या काळच्या बाजारातील बहुतेक गिटारींना हा दोष होता, आणि त्याचे कारण घर्षण. मे पितापुत्रांनी तारा अडकवलेली पट्टी पोलादाच्या धारदार कडेवर तोलून धरली, जेणेकरून ती तराजूच्या दांडीप्रमाणे जवळजवळ घर्षणाविना हलेल. तारांच्या ओढीला तोल देण्यासाठी १९२८ सालच्या एका पॅंथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा बसवल्या. शालेय भौतिकशास्त्राचा इतका थेट उपयोग झालेली दुसरी गिटार रॉक संगीताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

धडाच्या आत मुद्दाम पोकळ्या ठेवल्या आहेत. ध्वनिवर्धकातून येणाऱ्या आवाजाने वाद्य स्वतःच कंप पावू लागावे आणि स्वर लांबत राहावा, हा त्यामागचा हेतू होता. तारांची कंपने विद्युतसंकेतात बदलणारे पिकअप मे यांनी आधी घरीच गुंडाळले होते, पण तार बाजूला ओढली की त्यांतून खरखर येई. म्हणून पुढे बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप बसवण्यात आले. प्रत्येक पिकअपला चालू-बंद करण्याची आणि त्याच्या संकेताची दिशा उलटवण्याची स्वतंत्र कळ आहे. दोन पिकअपचे संकेत एकाच दिशेने जोडले तर जाड, भरीव आवाज येतो. उलट दिशेने जोडले तर काही स्वरांश एकमेकांना छेदून नाहीसे होतात आणि टोकदार, नाकातून आल्यासारखा आवाज ऐकू येतो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गीतातील गिटारची फेक आणि इतर गीतांतील किंचाळणारे स्वर यांतील फरक बऱ्याच अंशी या कळांचा आहे.

मे ही गिटार प्लास्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने वाजवतात. नाणे वाकत नाही, त्यामुळे तारेवर पडणारा आघात थेट बोटांना जाणवतो. आणि नाण्याची दातेरी कड तिरकी धरली की स्वराच्या आरंभी एक बारीक करकर उमटते. हे नाणे १९८० साली चलनातून रद्द झाले.

== स्माइल ते क्वीन ==
शाळेत असताना मे यांनी टिम स्टॅफेल या मित्रासह '१९८४' नावाचा समूह काढला होता. हे नाव जॉर्ज ऑरवेल यांच्या कादंबरीवरून घेतलेले. इंपिरियल कॉलेजमध्ये १९६७ च्या मे महिन्यात झालेल्या जिमी हेंड्रिक्स यांच्या कार्यक्रमाच्या आधी वाजवण्याची संधी या समूहाला मिळाली. हेंड्रिक्स यांच्या वादनाचा मे यांच्यावर खोल परिणाम झाला.

१९६८ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर मे आणि स्टॅफेल यांनी 'स्माइल' हा नवा समूह स्थापन केला. ढोलवादक हवा अशी जाहिरात त्यांनी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावली. तिला प्रतिसाद देऊन दंतवैद्यकाचे विद्यार्थी रॉजर टेलर समूहात आले. स्माइलला फारसे यश लाभले नाही आणि १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडले. त्यांची जागा त्यांच्याच कलामहाविद्यालयातील एका मित्राने घेतली. हा मित्र म्हणजे झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेले फारुख बलसारा, पुढील काळातील फ्रेडी मर्क्युरी. त्यांचे शालेय शिक्षण साताऱ्याजवळील पाचगणी येथे सेंट पीटर्स शाळेत झाले होते आणि तेथे 'द हेक्टिक्स' या शाळकरी वाद्यवृंदात ते पियानो वाजवत. बलसारा कुटुंब इंग्लंडला आल्यावर फेल्टममध्येच, मे यांच्या घरापासून काही मिनिटांच्या अंतरावर राहत होते. मात्र त्या काळी दोघांची ओळख नव्हती.

समूहाला 'क्वीन' हे नाव मर्क्युरी यांनी दिले. १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी जॉन डीकन बास गिटारवादक म्हणून आले आणि चौघांचा संच पूर्ण झाला. हाच संच पुढील वीस वर्षे अबाधित राहिला. रॉक समूहांच्या बाबतीत ही गोष्ट विरळाच म्हणावी लागेल.

== अर्धवट राहिलेले संशोधन ==
क्वीनची जुळवाजुळव चालू असताना मे इंपिरियल कॉलेजमध्ये पीएच.डी.साठी काम करत होते. विषय होता राशिचक्रीय प्रकाश. अंधाऱ्या, निरभ्र आकाशात सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेकडे क्षितिजावरून वर चढत गेलेला एक फिकट, शंकूच्या आकाराचा उजेड दिसतो. तो क्रांतिवृत्तालगत, म्हणजे राशींच्या पट्ट्यातून पसरलेला असतो. ग्रहांच्या दरम्यान विखुरलेल्या सूक्ष्म धूलिकणांवरून सूर्याचा प्रकाश विखुरला जाऊन तो निर्माण होतो.

ही धूळ कोणत्या दिशेने आणि किती वेगाने फिरते, हा मे यांचा प्रश्न होता. धूळ स्वतः प्रकाश देत नाही, फक्त सूर्यप्रकाश परतवते. म्हणून तिच्या उजेडाच्या वर्णपटात सूर्याच्याच वर्णपटातील काळ्या रेषा दिसतात. धूळ आपल्या दिशेने येत असेल तर या रेषा निळ्या बाजूला आणि दूर जात असेल तर तांबड्या बाजूला किंचित सरकतात. हाच डॉप्लर परिणाम. रुळांवरून जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर ज्या कारणाने बदलतो, तेच कारण येथे प्रकाशाला लागू होते. सरकण अतिशय सूक्ष्म असल्याने ती मोजण्यासाठी फॅब्री-पेरो या प्रकारचा वर्णपटमापक वापरावा लागला. मॅग्नेशियमच्या एका रेषेवर लक्ष केंद्रित करण्यात आले.

निरीक्षणे स्पेनच्या तेनेरीफ बेटावर तैदे ज्वालामुखीच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून उंचावर घेण्यात आली. 'टाय युवर मदर डाउन' या गीताची मूळ गिटारची ओळ मे यांना याच मुक्कामात सुचली. संशोधनातून दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले : १९७२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आणि १९७४ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात. या काळात चरितार्थासाठी मे दक्षिण लंडनमधील एका शाळेत गणितही शिकवत असत.

क्वीनचा पहिला संग्रह जुलै १९७३ मध्ये निघाला आणि दौरे वाढले. प्रबंधाचा बराचसा मजकूर लिहून झाला होता, पण तो पूर्णत्वास नेण्यासाठी लागणारे सलग महिने मिळेनात. १९७४ मध्ये मे यांनी संशोधन थांबवले. मुलाच्या शिक्षणासाठी झटलेल्या हॅरॉल्ड मे यांना हा निर्णय मुळीच रुचला नाही, आणि बापलेकांत दीर्घकाळ दुरावा राहिला. ज्या हातांनी गिटार घडवण्यास मदत केली, त्यांनाच ती मुलाचा व्यवसाय व्हावी असे वाटत नव्हते. १९७७ मध्ये मे यांनी आईवडिलांना न्यू यॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमासाठी नेले. त्या रात्रीनंतर वडिलांचा विरोध मावळला, असे मे यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे.

निर्णयानंतरचे पहिले वर्ष सुखाचे नव्हते. १९७४ च्या वसंतात अमेरिकेच्या पहिल्याच दौऱ्यात मे यांना काविळीने गाठले आणि दौरा अर्ध्यावर सोडून समूहाला परतावे लागले. पाठोपाठ आतड्याचा व्रण उद्भवला. 'शीअर हार्ट अटॅक' या संग्रहाचे ध्वनिमुद्रण उरलेले तिघे करत होते, त्या वेळी मे रुग्णालयात होते. आपली जागा दुसरा कोणी घेईल अशी भीती त्यांना वाटत होती. सहकाऱ्यांनी त्यांच्या वादनासाठी जागा मोकळ्या ठेवल्या आणि बरे झाल्यावर त्यांनी त्या भरल्या. 'नाऊ आय ॲम हिअर' हे गीत या आजारपणातील आहे.

== वादन आणि रचना ==
मे यांच्या वादनाचे वैशिष्ट्य वेगात नाही. एकाच गिटारचे अनेक स्वतंत्र सूर एकावर एक ध्वनिमुद्रित करून त्यांतून वाद्यवृंदासारखा परिणाम साधणे, ही त्यांची खरी देणगी आहे. प्रत्येक सूर वेगळ्या मानवी गायकासारखा वागतो : कोणी आधी येतो, कोणी उशिरा, कोणी दुसऱ्याच्या वर चढतो. १९७५ च्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या संग्रहातील 'गुड कंपनी' या गीतात क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन असलेला जुन्या धाटणीचा जॅझ वृंद ऐकू येतो. प्रत्यक्षात ते सर्व आवाज रेड स्पेशलचे आहेत. १९७० च्या दशकातील क्वीनच्या संग्रहांच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरलेला नाही अशी नोंद मुद्दाम छापली जाई. श्रोत्यांचा गैरसमज होण्याची शक्यता खरीच होती. १९८० च्या 'द गेम'पासून समूहाने ते वाद्य स्वीकारले.

अशा थरांसाठी मे एका लहानशा ध्वनिवर्धकाचा उपयोग करत. जॉन डीकन यांना कचऱ्याच्या पेटीत एक विद्युतपट्टिका सापडली होती. ती त्यांनी एका जुन्या ध्वनिक्षेपकाच्या खोक्यात बसवली. तिचा मृदू, किंचित फाटलेला आवाज तंतुवाद्यांच्या समूहाची आठवण करून देतो. रंगमंचावर मात्र मे व्हॉक्स कंपनीचे एसी-३० ध्वनिवर्धक पूर्ण आवाजावर ठेवून वापरतात आणि आवाजाचा पोत गिटारवरील कळीने बदलतात. 'ब्रायटन रॉक'मधील प्रदीर्घ एकल वादनात ते ध्वनिफितीच्या यंत्राने आपलेच वाजवलेले स्वर काही क्षणांनी दोनदा परत ऐकवतात आणि त्यांवर पुढचे स्वर वाजवतात. एकच वादक अशा रीतीने तिहेरी साथसंगत उभी करतो.

'वी विल रॉक यू' (१९७७) या गीताचा जन्म प्रेक्षकांमुळे झाला. स्टॅफर्ड येथील बिंगले हॉलमधील कार्यक्रमानंतर श्रोते निघून न जाता समूहासाठी स्वतःच गात राहिले. दाटीने उभ्या असलेल्या गर्दीला काय करता येईल, असा विचार मे यांनी केला : पाय आपटणे, टाळी वाजवणे आणि गाणे. गीताला ढोल नाहीत, बास नाही आणि अगदी शेवटापर्यंत गिटारही नाही. ध्वनिमुद्रण लंडनमधील एका जुन्या चर्चमध्ये थाटलेल्या वेसेक्स स्टुडिओत झाले. लाकडी फळ्यांवर थोड्या माणसांनी वारंवार पाय आपटले, आणि ते हजारोंचे वाटावेत यासाठी प्रत्येक आवृत्ती किंचित विलंबाने मिसळण्यात आली. विलंब समान अंतराने ठेवले असते तर साधा प्रतिध्वनी ऐकू आला असता. मे यांनी ते मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले. त्यामुळे प्रतिध्वनी न होता निरनिराळ्या अंतरांवर उभ्या असलेल्या गर्दीचा भास होतो. जगभरच्या क्रीडांगणांवर, भारतातील क्रिकेट सामन्यांतही, ही दोन ठोके आणि एक टाळी आज ऐकू येते. तिच्यामागे अंकगणित आहे याची टाळ्या वाजवणाऱ्यांना कल्पना नसते.

''३९' या १९७५ च्या लोकगीतवजा रचनेत विज्ञान अधिक उघडपणे येते. अंतराळप्रवासी त्यांच्या हिशेबाने एका वर्षानंतर परततात, तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षे उलटलेली असतात आणि त्यांची माणसे उरलेली नसतात. प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने जाणाऱ्या घड्याळाचा काळ मंदावतो हा विशेष सापेक्षतेचा निष्कर्ष येथे विरहगीताचा विषय झाला आहे.

== यश आणि वाद ==
१९७५ च्या अखेरीस मर्क्युरी यांचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यातील संगीतिकेच्या भागापूर्वीचे एकल वादन मे यांचे आहे. पुढील दशकात समूह युरोप, अमेरिका, जपान आणि दक्षिण अमेरिकेत लोकप्रिय झाला. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी वेम्ब्ली मैदानावर झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमातील क्वीनचे सुमारे वीस मिनिटांचे सादरीकरण रॉक संगीतातील सर्वोत्तम सादरीकरणांत गणले जाते.

त्याच्या एक वर्ष आधी समूहावर कठोर टीका झाली होती. वर्णभेदी राजवट असलेल्या दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार असताना ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने सन सिटी येथे कार्यक्रम केले. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने समूहाला दंड ठोठावला. आपण राजकारणासाठी नव्हे तर श्रोत्यांसाठी वाजवतो, असे समर्थन तेव्हा समूहाने केले. ते अनेकांना पटले नाही.

== मर्क्युरी यांच्या मृत्यूनंतर ==
९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे मर्क्युरी यांच्यासह क्वीनचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. मर्क्युरी यांना एड्स झाल्याचे समूहाबाहेर फार थोड्यांना ठाऊक होते. शेवटच्या काळातील 'द शो मस्ट गो ऑन' हे गीत नावाला समूहाचे असले तरी मुख्यतः मे यांनी रचले आहे. ते ऑक्टोबर १९९१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी यांचे निधन झाले.

ही वर्षे मे यांच्यासाठी वैयक्तिकदृष्ट्याही कठीण होती. १९८८ मध्ये वडिलांचा मृत्यू झाला आणि १९७६ साली झालेला पहिला विवाह याच सुमारास तुटला. मे दीर्घकाळ नैराश्याने ग्रस्त होते. आपल्या मनात आत्महत्येचे विचार येत असत, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले आणि अमेरिकेतील ॲरिझोना येथील उपचारकेंद्रात उपचार घेतले. १९९२ मध्ये 'बॅक टू द लाइट' हा त्यांचा पहिला पूर्ण स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये 'अनदर वर्ल्ड' आला. २००० साली त्यांनी अभिनेत्री अनिता डॉब्सन यांच्याशी विवाह केला.

डीकन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस निवृत्ती पत्करली. मे आणि टेलर यांनी क्वीनचे नाव पुढे चालू ठेवले : आधी गायक पॉल रॉजर्स यांच्यासह, आणि २०११ नंतर ॲडम लॅम्बर्ट यांच्यासह. मर्क्युरींविना क्वीन असू शकते का, यावर रसिकांत आजही एकमत नाही. राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ३ जून २००२ रोजी मे यांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहून ब्रिटनचे राष्ट्रगीत रेड स्पेशलवर वाजवले.

== प्रबंधाची पूर्तता ==
पॅट्रिक मूर आणि ख्रिस लिंटॉट यांच्यासह लिहिलेले 'बॅंग!' हे विश्वाच्या इतिहासावरील पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या निमित्ताने अपूर्ण प्रबंधाचा विषय पुन्हा निघाला. इंपिरियल कॉलेजमधील खगोलभौतिकीचे प्राध्यापक मायकेल रोवन-रॉबिन्सन यांनी मार्गदर्शन करण्याची तयारी दाखवली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, मे यांनी पुन्हा नोंदणी केली.

तीन दशकांपूर्वीचे काम सामान्यतः निरुपयोगी ठरते. येथे मे यांना नशिबाची साथ मिळाली : राशिचक्रीय प्रकाशातील धुळीचे वेग थेट मोजण्याचे काम मधल्या काळात फार थोड्यांनी केले होते, त्यामुळे १९७० च्या दशकातील त्यांची निरीक्षणे अजूनही मोलाची होती. उलट, ग्रहांदरम्यानच्या धुळीविषयीची सर्वसाधारण माहिती मात्र पार बदलली होती. १९८३ मध्ये सोडलेल्या 'आयरास' या अवरक्त उपग्रहाने आणि नंतरच्या 'कोबे' उपग्रहाने धुळीचे पट्टे व तिचे वितरण दाखवून दिले होते. आपल्या जुन्या मोजमापांचा या सर्व ज्ञानाशी मेळ घालणे, आधीच्या त्रुटी शोधणे आणि पुनर्लेखन करणे यांत सुमारे एक वर्ष गेले. धुळीचा बहुतांश भाग ग्रहांच्याच दिशेने सूर्याभोवती फिरतो, हा प्रबंधाचा एक मुख्य निष्कर्ष होय.

ऑगस्ट २००७ मध्ये प्रबंध सादर होऊन त्याच महिन्यात तोंडी परीक्षा झाली आणि तो मान्य झाला. मे २००८ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमधील समारंभात त्यांना पदवी प्रदान करण्यात आली. प्रबंध पुढे पुस्तकरूपानेही निघाला. २००८ ते २०१३ या काळात ते लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाचे कुलपती होते.

त्यानंतर मे यांचा विज्ञानातील सहभाग मुख्यतः त्रिमितीय प्रतिमांच्या मार्गाने आहे. एकाच वस्तूची थोड्या वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन छायाचित्रे दोन डोळ्यांना स्वतंत्रपणे दाखवली की खोलीचा आभास होतो. या तंत्राची आवड त्यांना लहानपणापासून होती आणि व्हिक्टोरियन काळातील अशा छायाचित्रांचा मोठा संग्रह त्यांच्याकडे आहे. नासाच्या 'न्यू होरायझन्स' यानाने २०१५ मध्ये पाठवलेल्या प्लूटोच्या छायाचित्रांपासून त्यांनी त्रिमितीय प्रतिमा तयार केली. १ जानेवारी २०१९ रोजी हेच यान ॲरोकॉथ या दूरस्थ पिंडाजवळून गेले तेव्हा त्यांनी त्यासाठी गीत रचून प्रसिद्ध केले. 'ओसायरिस-रेक्स' मोहिमेसाठी बेन्नू लघुग्रहाच्या त्रिमितीय प्रतिमा तयार करण्यातही त्यांचा सहभाग होता. मोहिमेचे प्रमुख दांते लॉरेटा यांच्यासह त्यांनी बेन्नूचा सचित्र संग्रह २०२३ मध्ये प्रकाशित केला. लघुग्रहांच्या आघाताच्या धोक्याविषयी जागृती करणाऱ्या 'ॲस्टेरॉइड डे' उपक्रमाचे ते एक संस्थापक आहेत. १९०८ मध्ये सायबेरियातील तुंगुस्का येथे झालेल्या स्फोटाच्या स्मरणार्थ हा दिवस ३० जूनला पाळला जातो आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यास मान्यता दिली.

== प्राणिहक्कांचे कार्य ==
मे यांनी २०१० मध्ये 'सेव्ह मी' ही संस्था स्थापन केली. इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या साहाय्याने होणाऱ्या कोल्ह्यांच्या शिकारीवरील बंदी कायम राहावी यासाठी ही संस्था काम करते. तिचा दुसरा आणि अधिक वादग्रस्त विषय बॅजर हा बिळात राहणारा प्राणी आहे. गाईगुरांत क्षयरोग पसरवण्यास बॅजर कारणीभूत ठरतात, या आधारावर सरकारने २०१३ पासून त्यांना मोठ्या प्रमाणावर मारण्याची मोहीम सुरू केली. मे यांनी तिला सातत्याने विरोध केला. रोग मुख्यतः गुरांकडून गुरांकडे पसरतो आणि चाचण्या सदोष असल्याने बाधित जनावरे कळपातच राहतात, अशी त्यांची भूमिका आहे. शेतकरी संघटनांनी आणि काही शास्त्रज्ञांनी तिच्याशी मतभेद व्यक्त केले आहेत. २०२४ मध्ये बीबीसीने प्रसारित केलेल्या माहितीपटात त्यांनी दुग्धव्यावसायिक शेतकऱ्यांबरोबर केलेल्या कामाची हकीकत मांडली.

== सन्मान आणि अलीकडील काळ ==
मे यांना २००५ मध्ये 'सीबीई' हा किताब मिळाला आणि २०२३ च्या नववर्ष सन्मानयादीत संगीत व धर्मादाय कार्यासाठी 'सर' ही पदवी जाहीर झाली. क्वीनचा २००१ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. ५२६६५ क्रमांकाच्या लघुग्रहाला 'ब्रायनमे' असे नाव देण्यात आले आहे.

मे २०२० मध्ये त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला आणि रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये पक्षाघाताचा सौम्य झटका आल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले. काही काळ डावा हात, म्हणजे गिटारच्या मानेवर स्वर दाबणारा हात, त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. उपचारांनंतर आपण पुन्हा गिटार वाजवू शकतो, असे त्यांनी त्याच निवेदनात सांगितले.